ठाणे, कल्याण-डोंबिवलीतलं गुन्ह्यांचं रेकॉर्ड मागायचं कसं? पोलीस ठाणं आणि कोर्ट : दोन दारं, दोन कायदे

गुन्हेगारी, पोलीस किंवा न्यायव्यवस्था यातला विषय पीएच.डी.साठी घेतला की पहिल्याच महिन्यात प्रश्न येतो : रेकॉर्ड आणायचं कुठून? गाईड म्हणतात, "आरटीआय टाका." वकील मित्र म्हणतो, "कोर्टातून सर्टिफाइड कॉपी काढ." पोलीस ठाण्यात गेलात तर ठाणे अंमलदार म्हणतो, "साहेबांना भेटा." तिघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. पण कोणता कागद कुणाच्या ताब्यात असतो आणि तो कोणत्या नियमाखाली मागायचा, हे एकत्र कुणी सांगत नाही. या लेखात तेच मांडतो आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक विषय धरू. समजा, तुम्हाला कल्याण-डोंबिवलीतल्या सोनसाखळी चोरीवर काम करायचं आहे : किती गुन्हे नोंदले गेले, किती कोर्टापर्यंत पोचले, त्यांचं शेवटी काय झालं. तुमचा विषय वेगळा असेल, कौटुंबिक हिंसा असेल किंवा बेकायदा बांधकामावरचे गुन्हे असतील, तरी वाट जवळपास हीच आहे.

एक गैरसमज आधीच दूर करू. "अमुक माणसाचं क्रिमिनल रेकॉर्ड द्या" अशी मागणी संशोधक म्हणून करता येत नाही. नोकरी, पासपोर्ट किंवा परदेशी जाण्यासाठी लागणारा पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला ज्याचा त्यालाच मागता येतो. आपल्याला हव्या असतात गुन्ह्यांच्या आणि खटल्यांच्या नोंदी. अर्जाची भाषा त्यावरून ठरते.

आधी हद्द समजून घ्या

"कल्याण-डोंबिवली" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर महापालिका येते. पोलिसांचा नकाशा वेगळा आहे. ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाची पाच परिमंडळं आहेत : ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर आणि वागळे इस्टेट. कल्याण परिमंडळात महात्मा फुले चौक, बाजारपेठ, कोळसेवाडी, खडकपाडा ही कल्याणची आणि रामनगर (यालाच डोंबिवली पोलीस ठाणंही म्हणतात), विष्णुनगर, टिळकनगर, मानपाडा ही डोंबिवलीकडची पोलीस ठाणी येतात.

आता तीन ठिकाणी हिशेब चुकतो.

पहिलं, टिटवाळा. मांडा-टिटवाळा महापालिकेत आहे, पण तिथलं कल्याण तालुका पोलीस ठाणं ठाणे ग्रामीण पोलिसांकडे, म्हणजे पोलीस अधीक्षकांकडे आहे. आयुक्तालयाकडे केलेल्या अर्जातून टिटवाळ्याचे गुन्हे येणारच नाहीत.

दुसरं, रेल्वे. गाडीत किंवा फलाटावर साखळी खेचली गेली तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदला जातो. कल्याण आणि डोंबिवलीची लोहमार्ग पोलीस ठाणी मुंबईच्या लोहमार्ग पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतात. स्टेशनच्या बाहेर रिक्षा स्टँडवर तोच प्रकार घडला तर गुन्हा शहर पोलिसांचा. आणि फलाटावर दिसणारे आरपीएफचे जवान हे तिसरंच खातं, केंद्र सरकारचं. त्यांच्याकडे अर्ज करायचा तर तो मध्य रेल्वेकडे जातो.

तिसरं, २७ गावं. मानपाडा पोलिसांच्या हद्दीत असलेली ही गावं महापालिकेतून एकदा बाहेर गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख दिसते, त्यात ही गावं नाहीत. तुम्ही आठ पोलीस ठाण्यांचे गुन्हे मोजले आणि साडेबारा लाखांनी भागले, तर दर फुगलेला येईल. हे परीक्षकानं दाखवण्यापेक्षा आपणच आधी पाहिलेलं बरं.

जिल्हा पातळीचे आकडे वापरणार असाल तर आणखी दोन तारखा वहीत लिहून ठेवा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय सुरू झालं आणि मीरा-भाईंदरची पोलीस ठाणी ठाणे ग्रामीणमधून निघून तिकडे गेली. त्या वर्षी ठाणे ग्रामीणचे गुन्हे "कमी झाले" असं दिसलं तर ते कशामुळे, हे आता तुम्हाला माहीत आहे.

एका गुन्ह्याचे किती नंबर?

रेकॉर्ड शोधणाऱ्याचं अर्धं काम नंबर जुळवण्याचं असतं. एका घटनेचा कागदावरचा प्रवास साधारण असा :

फिर्याद नोंदली की गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, म्हणजे गु.र.नं. आणि वर्ष. जुन्या नोंदींत नंबराच्या आधी रोमन एक किंवा दोन असा आकडा दिसेल. एक म्हणजे भारतीय दंड विधानाचे गुन्हे, दोन म्हणजे इतर कायद्यांखालचे. तो आकडा उतरवून घ्या. नाहीतर त्याच पोलीस ठाण्याचे त्याच वर्षीचे त्याच नंबराचे दोन गुन्हे हाती लागतील आणि कोणता आपला ते कळणार नाही.

तपासानंतर दोनपैकी एक गोष्ट होते. आरोपी मिळाला आणि पुरावा असला तर दोषारोपपत्र कोर्टात जातं. नाहीतर समरी अहवाल जातो. समरी हा महाराष्ट्रात काम करणाऱ्यानं समजून घ्यायलाच हवा असा शब्द आहे. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही. 'ब' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. 'क' म्हणजे खरी-खोटी असं म्हणता येत नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झालेली. सोनसाखळी चोरीत 'अ' समरी किती हा आकडाच कदाचित तुमच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण ठरेल. कारण हे गुन्हे कोर्टाच्या खटल्यांच्या यादीत कधी दिसतच नाहीत. फक्त कोर्टाचं रेकॉर्ड बघणाऱ्याला ते घडलेच नाहीत असं वाटेल.

दोषारोपपत्र दाखल झालं की कोर्टाचा नंबर पडतो. कल्याणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तो बहुधा आर.सी.सी., म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस असा असतो. गुन्हा सत्र न्यायालयात चालण्यासारखा असेल तर केस वर्ग होते आणि नवा सेशन्स केस नंबर मिळतो. टोळीवर मकोका लागला तर प्रकरण ठाण्याच्या विशेष न्यायालयात जातं. जामिनाच्या अर्जाचा नंबर आणखी वेगळा. शिवाय ई-कोर्ट्सवर प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. ठाणे जिल्ह्याच्या कोर्टांचा तो एमएचटीएच या अक्षरांनी सुरू होतो.

पोलीस गु.र.नं. ओळखतात, कोर्टाची रेकॉर्ड रूम केस नंबर ओळखते. पोलीस ठाण्यात केस नंबर सांगून आणि नक्कल विभागात गु.र.नं. सांगून काहीच हलत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक्सेलमध्ये हे सगळे नंबर वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा.

कलमांचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधी सोनसाखळी चोरी कधी जबरी चोरी म्हणून कलम ३९२ खाली, कधी ३७९ आणि ३५६ खाली नोंदली जायची. नव्या संहितेत हिसकावून चोरी करणं हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे २०२४ च्या मध्यावर तुमची मालिका तुटते. त्यातही घटना १ जुलैच्या आधीची असेल तर फिर्याद नंतर आली तरी कलम जुनंच लागतं. दोन्ही कायद्यांची कलमं अर्जात लिहा.

अर्ज न करता काय मिळतं

अर्ज लिहायच्या आधी दोन आठवडे इथे घालवा.

महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर बघता येतात. जिल्हा किंवा आयुक्तालय, पोलीस ठाणं आणि तारखा टाकून शोधायचं. हे आपोआप झालेलं नाही. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ७ सप्टेंबर २०१६ ला आदेश दिला, की एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत. त्यामुळे पोर्टलवर दिसतात तेवढेच गुन्हे असं कधीही लिहू नका.

ई-कोर्ट्सवर ठाणे जिल्हा आणि मग कल्याणचं कोर्ट निवडा. डोंबिवलीच्या पोलीस ठाण्यांची प्रकरणंही कल्याणलाच चालतात. तिथे एफआयआर नंबरानं शोधायची सोय आहे : पोलीस ठाणं, नंबर, वर्ष, प्रलंबित की निकाली. गु.र.नं. वरून केस नंबर काढायचा पूल हाच. तारखा, टप्पे, कधी कधी आदेश आणि निकालपत्रही मिळतं. मात्र नंबर टाकून काही आलं नाही, तर त्याचे तीन अर्थ होऊ शकतात : दोषारोपपत्र गेलेलं नाही, समरी गेली आहे, किंवा कोर्टात टायपिंग करताना नंबर भरलाच नाही. कोणता अर्थ खरा, ते पोलीस रेकॉर्डवरूनच कळतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा 'क्राइम इन इंडिया' १९५३ पासून निघतो आणि पुण्याच्या राज्य सीआयडीकडूनही 'क्राइम इन महाराष्ट्र' हा अहवाल निघत आला आहे. संदर्भासाठी उपयोगी, पण एक नियम लक्षात ठेवा : एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी ब्युरो त्यातला सगळ्यात गंभीर तेवढाच मोजतो. साखळी खेचताना खून झाला तर ती घटना खुनात जाते, चोरीत दिसत नाही.

पोलिसांचं दार : माहितीचा अधिकार

पोलिसांकडच्या नोंदींसाठी माहिती अधिकार कायदा, २००५. कलम ६(२) प्रमाणे माहिती कशाला हवी याचं कारण द्यावं लागत नाही. कुणी विचारलं तर शांतपणे हे कलम सांगा. (कोर्टात नेमकं उलटं आहे, ते पुढे येईल.)

महाराष्ट्राचे नियम थोडक्यात : जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. प्रतींचा दर पानाला दोन रुपये. नोंदी प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर पहिला तास मोफत, नंतर दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. म्हणजे तीन तास बसून नोंदवही पाहिली तर चाळीस रुपये, आणि त्याच वहीच्या चारशे पानांच्या प्रती काढल्या तर आठशे. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही अशांनी हा हिशेब मनात ठेवावा.

मोठी अडचण अर्जाच्या शब्दांत असते. "गेल्या दहा वर्षांत सोनसाखळी चोरी का वाढली?" हा प्रश्न आहे. माहिती अधिकारी त्याला उत्तर द्यायला बांधील नाही. "दहा वर्षांची वयोगटानुसार आकडेवारी तयार करून द्या" हेही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय निकालात सांगितलं आहे, की जी माहिती नोंदीत आहे तीच द्यायची. नवी तयार करून देण्याचं बंधन नाही. म्हणून पोलीस ठाण्यात कोणती वही असते ते आधी समजून घ्या आणि त्या वहीतल्या रकान्यांच्या भाषेत मागा. उदाहरणार्थ :

*माहितीचा विषय :* जबरी चोरी / चोरीच्या गुन्ह्यांच्या नोंदी.
*कालावधी :* १ जानेवारी २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९.
*आवश्यक माहितीचे वर्णन :* मानपाडा पोलीस ठाण्यात वरील कालावधीत भा.दं.वि. कलम ३९२, तसेच ३७९ सह ३५६ अन्वये दाखल गुन्ह्यांबाबत पुढील बाबी दर्शवणाऱ्या अभिलेखाच्या प्रती मिळाव्यात : (१) गु.र.नं. व दाखल दिनांक, (२) कलमे, (३) घटनास्थळ, (४) दोषारोपपत्र अथवा समरी पाठवल्याचा दिनांक व समरीचा प्रकार, (५) न्यायालयीन केस क्रमांक. फिर्यादी, आरोपी व साक्षीदार यांची नावे-पत्ते नको आहेत. कलम १० अन्वये तो भाग वगळून प्रती द्याव्यात. प्रती देणे शक्य नसल्यास अभिलेख पाहण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. एक, कालावधी दोनच वर्षांचा ठेवला. दहा वर्षं एकदम मागितली तर "कार्यालयाची साधनसंपत्ती मोठ्या प्रमाणावर वळवावी लागेल" असं उत्तर येऊ शकतं. दोन, नावं स्वतःहून वगळली. तीन, प्रती नाही तर पाहणी, असा पर्याय ठेवला.

नावं वगळण्याला आता आणखी महत्त्व आलं आहे. कलम ८(१)(ज) मध्ये पूर्वी वैयक्तिक माहितीही व्यापक जनहितासाठी देता येईल अशी वाट होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं केलेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला आणि त्या कलमात आता "वैयक्तिक माहिती" एवढंच कारण पुरतं. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद शिल्लक आहे, पण ती पटवून देण्याचा भार अर्जदारावर येऊन पडतो. जुन्या प्रबंधांतले अर्ज जसेच्या तसे उतरवून काढू नका. ते वेगळ्या काळातले आहेत.

अर्ज कुठे द्यायचा? पोलीस ठाण्यातल्या फलकावर जन माहिती अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांचे हुद्दे लिहिलेले असतात, ते वाचा. बारनिशीत अर्ज देऊन पोचेची प्रत शिक्क्यासह घ्या. आठ पोलीस ठाण्यांना आठ स्वतंत्र अर्ज केलेत तर ऐंशी रुपयांचं काम आहे, आणि प्रत्येकाचा पाठपुरावा सोपा जातो. चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

नकार आला तर

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर तो नकारच धरायचा. मुदत टळल्यावर दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते. पहिलं अपील तीस दिवसांत, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून, त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, नवी मुंबईत. तिथे प्रकरणं बराच काळ पडून राहतात. म्हणून प्रबंधाचा एकच पाय दुसऱ्या अपिलावर ठेवू नका.

नेहमीचं नकाराचं कारण म्हणजे कलम ८(१)(ह) : तपासाला बाधा येईल. दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ च्या भगत सिंग प्रकरणात म्हटलं आहे, की तपास चालू आहे एवढं पुरेसं नाही. माहिती दिल्यानं बाधा कशी येईल ते सांगावं लागतं. पहिल्या अपिलात हे लिहा. ज्या गुन्ह्यात समरी मंजूर झाली किंवा खटला निकाली निघाला, तिथे हे कारण सहसा टिकत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी कलम ८(३) : घटना वीस वर्षांपूर्वीची असेल तर बहुतेक अपवाद गळून पडतात. तपासाचा आणि वैयक्तिक माहितीचा अपवादही त्यात आला. अडचण वेगळीच असते : वीस वर्षांनी कागद शिल्लक असतो का? म्हणून अर्जात "अभिलेख नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत द्यावी" ही ओळ घाला. त्याहून मागे, ब्रिटिश काळात जायचं असेल तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठा आणि न्याय खात्याचे खंड मागा.

कोर्टाचं दार : कारण सांगा

फौजदारी खटला खुल्या न्यायालयात चालतो, कल्याण कोर्टात मागच्या बाकावर बसून तुम्ही तो ऐकू शकता. यावरून कोर्टाचे कागदही सगळ्यांना खुले असतील असं वाटतं. तसं नाही.

४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवलं, की न्यायालयीन कागदांच्या प्रती माहिती अधिकारात मागायच्या नाहीत. उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार अर्ज करायचा. आणि जो पक्षकार नाही, त्यानं कारण सांगायचं. आपल्याकडच्या फौजदारी कोर्टांचं कामकाज मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे चालतं. म्हणून कोर्टात आरटीआयचा अर्ज घेऊन गेलात तर हात हलवत परत याल.

कोर्टात तुम्ही "त्रयस्थ" असता. अर्ज त्या न्यायाधीशांच्या नावे करायचा. त्यात केस नंबर, पक्षकार, निकालाची तारीख, नेमका कोणता कागद हवा, आणि कारण. कारणाच्या जागी "संशोधनासाठी" एवढं लिहून भागत नाही. प्रबंधाचा विषय, विद्यापीठ, नोंदणीची तारीख, नावं प्रसिद्ध करणार नाही अशी हमी हे सगळं अर्धं पान लिहा. प्रतिज्ञापत्र, विभागप्रमुखांचं पत्र आणि विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मान्यता जोडा. मंजुरी मिळाली की नक्कल विभागात फी भरायची. दर तिथल्या फलकावर असतात.

काय मागावं याचाही क्रम आहे. निकालपत्र सगळ्यात सहज मिळतं, आणि बहुतेक वेळा तेच पुरतं : फिर्याद, साक्षीदार, पंच फितूर झाले का, ओळख परेड कशी टिकली किंवा पडली, हे सगळं त्यात असतं. दुसरा कागद रोजनामा. कोणत्या तारखेला काय झालं, साक्षीदार आला का, आरोपीला तुरुंगातून आणलं का, हे त्यात एकेका ओळीत असतं. खटला सात वर्षं का चालला याचं उत्तर निकालपत्रात सापडत नाही, रोजनाम्यात सापडतं. पण तो मागायचं फार थोड्या विद्यार्थ्यांना सुचतं.

दोषारोपपत्र मात्र अवघड. सौरव दास प्रकरणात २० जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की दोषारोपपत्र एफआयआरसारखं सार्वजनिक संकेतस्थळावर टाकता येणार नाही. प्रलंबित खटल्यात ते त्रयस्थाला मिळेल असं धरून चालू नका. निकाली प्रकरणांपुरता अभ्यास ठेवलात तर अर्जही मंजूर व्हायची शक्यता वाढते आणि कुणाच्या चालू खटल्यात आपण पाय घालत नाही.

निकाली प्रकरणाची फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते. "सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या" हे ऐकायची तयारी ठेवा. नंबर, वर्ष, निकालाची तारीख आणि कोर्ट क्रमांक या चारही गोष्टी चिठ्ठीवर लिहून दिल्यात तर शोधणाऱ्याचे कष्ट वाचतात. सुट्टीच्या आधीचे दिवस आणि लोकअदालतीचा आठवडा टाळा.

रेकॉर्ड हातात आल्यावर

इथून पुढचं कुठल्या कायद्यात बसवून सांगता येत नाही, पण विद्यार्थ्यांनी सगळ्यात जास्त वेळ यावर द्यावा असं मला वाटतं.

एफआयआरमधलं नाव हे संशयिताचं नाव असतं. तो पुढे निर्दोष सुटला हे त्याच एफआयआरवर कुणी लिहीत नाही. तुम्ही टेबलात "गुन्हेगार" असा रकाना केलात आणि त्यातले निम्मे लोक सुटलेले निघाले, तर चूक पोलिसांची नाही, तुमची आहे. "आरोपी" आणि "दोषसिद्ध" हे दोन शब्द शेवटपर्यंत वेगळे ठेवा.

दुसरं, पोलीस रेकॉर्डमध्ये गुन्ह्यांबरोबरच पोलिसांचं लक्षही नोंदलेलं असतं. सोनसाखळी चोरीच्या बातम्यांत आंबिवलीतल्या एका वस्तीचं नाव वर्षानुवर्षं येतं. तिथे वारंवार झडती होते, म्हणून तिथले लोक वारंवार सापडतात, म्हणून रेकॉर्डवर तीच वस्ती दिसते. आणि ते रेकॉर्ड बघून पुन्हा झडती होते. याचा अर्थ तिथले गुन्हे खोटे असा नाही. पण 'अ' समरी झालेल्या गुन्ह्यांत आरोपी कोण हे कुणालाच माहीत नाही, आणि सापडलेल्यांवरून न सापडलेल्यांबद्दल बोलता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं संपूर्ण समाजांवर शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी शिक्का पुरता पुसला गेलेला नाही. पुढच्या शिक्क्याला तुमचं टेबल पुरावा म्हणून वापरलं जाऊ नये, याची काळजी टेबल करतानाच घ्यावी लागते.

तिसरं, कायद्याची बंधनं. बलात्कार आणि तत्सम गुन्ह्यांतल्या पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांसाठी पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. नाव गाळलं म्हणजे झालं असं नाही. "टिळकनगरमधल्या अमुक शाळेतली आठवीतली मुलगी" एवढं लिहिलं तरी डोंबिवलीत ती कोण हे कळतं. सोनसाखळीच्या प्रकरणातही सत्तर वर्षांच्या फिर्यादी आजींची इमारत आणि मजला तुमच्या परिशिष्टात यायचं कारण नाही.

व्यवहारात एवढं करा : प्रत्येक प्रकरणाला स्वतःचा सांकेतिक क्रमांक द्या. सांकेतिक क्रमांक आणि गु.र.नं. यांची जोडणारी यादी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये ठेवा. मूळ कागदांचे फोटो व्हॉट्सअॅपवरून मित्राला टायपिंगसाठी पाठवू नका. घटनास्थळ लिहिताना रस्ता किंवा प्रभागावर थांबा.

वेळ आणि सुरुवात

पोर्टल आणि ई-कोर्ट्ससाठी दोन आठवडे, आरटीआयच्या उत्तराला एक महिना, पहिल्या अपिलाला एक ते दीड महिना, कोर्टाच्या प्रतींना दोन-तीन महिने असं धरलं तर सहा महिने सहज जातात. त्यामुळे सिनॉप्सिसमध्ये "शंभर खटल्यांचा अभ्यास" असं लिहून टाकण्याआधी एक चाचणी करा.

एकाच पोलीस ठाण्याच्या एकाच वर्षाच्या दहा प्रकाशित एफआयआर घ्या. प्रत्येकीचा केस नंबर ई-कोर्ट्सवर शोधा. जे सापडले नाहीत त्यांच्यासाठी एक आरटीआय अर्ज करा, आणि जे निकाली निघाले त्यातल्या दोनांचं निकालपत्र आणि रोजनामा कोर्टातून मागा. या दहांपैकी किती शेवटपर्यंत जुळले, किती कुठे आणि का अडकले, हे नोंदवा. तुमचा विषय या रेकॉर्डवर उभा राहतो का, ते त्या दहांतच कळेल. आणि नाही राहिला, तर विषय बदलायला तेव्हा अजून वेळ असेल.